मॉडिफाय केलेली ऑफ-रोड गाडी पुन्हा कंपनी फिटिंगवर आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिफ्ट (गाडी उंच करणारा संच), मोठे टायर, विंच (अडकलेली गाडी ओढणारी चरखी), स्नॉर्कल (इंजिनची हवा उंचावरून घेणारी नळी) बसवायचे कसे हे सांगणारे भरपूर आहेत. ते सगळं नीट उतरवायचं कसं, हे मात्र विचारत फिरावं लागतं. कुणाला गाडी विकायची असते, कुणाला ती रोजच्या वापराला हवी असते, कुणाची तपासणीत अडकलेली असते; प्रश्न बहुतेक तेच येतात. ते सोप्यापासून अवघडाकडे असे लावले आहेत. बोल्ट आवळण्याचा टॉर्क प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तो तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या.

१. कंपनी फिटिंग म्हणजे नेमकं काय? जुने टायर आणि स्प्रिंग परत लावले की झालं ना?

नाही, आणि बहुतेक जण इथेच फसतात. गाडी ५० मि.मी. उचलली की स्टेअरिंगचा कोन, प्रॉपेलर शाफ्टचा (डिफकडे, म्हणजे अॅक्सलमधल्या डिफरन्शियलकडे, ताकद नेणारा दांडा) कोन, ब्रेकच्या नळ्यांचा ताण, हेडलाइटचा झोत असं सगळंच बदलतं. ते सावरायला लिफ्टसोबत छोटे छोटे भाग बसवलेले असतात: शिम, ब्रॅकेट, स्पेसर, लांब लिंका. उंची कमी केली आणि हे भाग तसेच राहिले, तर ते उलट्या दिशेने गाडी बिघडवतात. म्हणून उंची, टायर, गिअर रेशो, ब्रेक, स्टेअरिंग आणि गाडीचा कॉम्प्युटर ही सहाही अंगं एकमेकांशी जुळली, तरच गाडी कंपनी फिटिंगवर आली म्हणायची. अशा भागांची यादी प्रश्न ६ मध्ये आहे.

२. सुरुवात कुठून करू?

फोटो आणि मापांपासून. एकही बोल्ट सैल करायच्या आधी चारही चाकांची उंची मोजा. माप हबच्या मध्यापासून थेट वर मडगार्डच्या कडेपर्यंत घ्या. जमिनीपासून घेऊ नका, कारण टायर बदलला की ते माप निरुपयोगी होतं. कागदावर चार आकडे, तारीख आणि टाकीत तेल किती होतं ते लिहून ठेवा.

त्यानंतर क्रम असा ठेवा: आधी जास्तीचं वजन उतरवा (विंच, लोखंडी बंपर, रूफ रॅक), मग जास्तीची वायरिंग काढा, मग सस्पेन्शन आणि स्टेअरिंग, मग डिफ आणि टायर, मग बॉडीचं काम, सर्वात शेवटी अलाइनमेंट आणि कॅलिब्रेशन. वजन आधी उतरवण्याला कारण आहे. लोखंडी बुलबार आणि विंच मिळून शंभर किलोच्या आसपास जातात. ते पुढे लटकत असताना मूळ स्प्रिंग बसवले तर गाडी नाकावर बसलेली दिसते, आणि माणूस स्प्रिंग चुकीचे आले म्हणून दुसरे शोधत बसतो.

३. गाडी सेकंडहँड घेतली आहे. आधीच्या मालकाने काय काय बदललं ते मला माहीतच नाही. मूळ भाग कोणते होते हे कसं कळणार?

चासी नंबर हाताशी ठेवा. त्यावरून कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमध्ये तुमच्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, डिफचा रेशो आणि स्प्रिंगचे पार्ट नंबर निघतात. फक्त मॉडेल आणि वर्ष सांगून भाग मागवू नका. एकाच वर्षी एकाच मॉडेलला दोन वेगळे डिफ रेशो आणि तीन वेगळे स्प्रिंग असू शकतात.

मग गाडीखाली शिरा आणि खुणा वाचा. मूळ कॉइल स्प्रिंगवर रंगाचे छोटे पट्टे असतात, तो त्या स्प्रिंगचा कोड. बाजारातले स्प्रिंग बहुधा एकाच रंगात पूर्ण रंगवलेले असतात. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर मूळ टायरचा साइज आणि हवेचा दाब मिळतो. चासीवर कुठे ताजा काळा रंग मारलेला दिसला तर तिथे थांबून नीट पाहा; त्याखाली बहुतेकदा वेल्डिंग असतं.

शक्य असेल तर त्याच मॉडेलची हात न लावलेली गाडी शोधून तिच्या खालच्या बाजूचे फोटो काढा. कुठली नळी कुठल्या क्लिपमधून जाते, हे कॅटलॉगच्या चित्रात कधीच कळत नाही.

४. लिफ्ट बॉडीची आहे की सस्पेन्शनची, हे कसं ओळखू?

चासी आणि बॉडी यांच्यामध्ये जिथे रबरी माउंट असतात तिथे पाहा. माउंटच्या वर २५ ते ७५ मि.मी. जाडीचा नायलॉनचा किंवा ॲल्युमिनियमचा गट्टू दिसला तर ती बॉडी लिफ्ट. बंपर आणि बॉडी यांच्यात डोळ्यांत भरणारी फट हीसुद्धा तिचीच खूण. तिथे काहीच नसेल, पण अॅक्सल आणि चासी यांच्यातलं अंतर वाढलेलं असेल, तर ती सस्पेन्शन लिफ्ट. दोन्ही एकत्र केलेल्या गाड्याही भरपूर सापडतात.

बॉडी लिफ्ट उतरवताना बॉडी खाली आणण्याआधी चार गोष्टी मोकळ्या करा: स्टेअरिंग शाफ्टमधला जोडतुकडा, रेडिएटरच्या फॅन कव्हरचं ब्रॅकेट, तेल भरायच्या नळीची वाढीव लांबी आणि ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) लिव्हरचा जोड. फॅन कव्हर विसरलात तर पहिल्याच स्टार्टला पंख्याची पाती त्यावर घासतात. बोल्ट मूळ लांबीचेच हवेत. लांब बोल्ट जुन्या जागी तळाला टेकतो. हाताला आवळल्यासारखा वाटतो, पण माउंट सैलच राहतं.

५. लिफ्टचे शॉकअप नवे आहेत. फक्त स्प्रिंग मूळ लावून शॉकअप तेच ठेवले तर चालेल का?

चालणार नाही. लिफ्टचा शॉकअप मिटल्यावरही मूळ शॉकअपपेक्षा लांब असतो. गाडी मूळ उंचीवर आली की मोठ्या खड्ड्यात अॅक्सल बंप स्टॉपला (शेवटचा धक्का झेलणारा रबरी ठोकळा) टेकायच्या आधीच शॉकअप तळ गाठतो. मग सगळा दणका त्याच्या रॉडवर आणि वरच्या माउंटवर बसतो. रॉड वाकतो, सील फुटतं, कधी माउंटच उपटून येतं. स्प्रिंग, शॉकअप आणि बंप स्टॉप हा एकच संच आहे असं समजा.

उलट चूकही दिसते: मूळ शॉकअप आणले, पण लिफ्टसोबत आलेले लांब बंप स्टॉप तसेच राहिले. तेव्हा साध्या स्पीडब्रेकरलाही गाडी धाडकन आपटते, आणि दोष नव्या स्प्रिंगला दिला जातो.

६. लिफ्टसोबत आलेले कुठले कुठले छोटे भाग काढायचे असतात?

सबंध कामात सर्वात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक गाडीत सगळे भाग सापडणार नाहीत, पण शोधायचे मात्र सगळे.

खाली उतरवलेला पिटमन आर्म (स्टेअरिंग बॉक्सचा हात): तो राहिला तर ड्रॅग लिंक (तिथून चाकाकडे जाणारी दांडी) आणि पॅनहार्ड रॉड (अॅक्सलला आडवं धरून ठेवणारा दांडा) एकमेकांना समांतर राहत नाहीत. परिणाम असा की सरळ रस्त्यावर खड्डा आला की स्टेअरिंग आपोआप फिरतं.

पॅनहार्ड रॉड: तो ॲडजस्टेबल असेल तर लांबी मूळ मापावर आणा, आणि ब्रॅकेट बसवून त्याची जागा हलवली असेल तर ते ब्रॅकेट काढा. नाहीतर सबंध अॅक्सल एका बाजूला सरकलेला राहतो. दोन्ही बाजूंना टायरच्या भिंतीपासून चासीपर्यंत मोजलं की लगेच कळतं.

कॅस्टर सुधारणारे बुश: लिफ्टमुळे कमी झालेला कॅस्टर (पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे कल) भरून काढायला हे मध्यबिंदू सरकवलेले बुश घालतात. मूळ उंचीवर ते राहिले तर कॅस्टर गरजेपेक्षा जास्त होतो. स्टेअरिंग जड लागतं आणि पुढच्या डिफचा पिनियन (शाफ्टला जोडलेला छोटा गिअर) खाली झुकून पुढच्या शाफ्टला कंप येतो.

डिफ ड्रॉप आणि ट्रान्सफर केस ड्रॉपचे स्पेसर: क्रॉसमेंबरच्या बोल्टांवर सापडतात. काढले नाहीत तर शाफ्टचा कोन उलट्या बाजूला बिघडतो आणि पोटाखालची मोकळी जागाही विनाकारण कमी राहते.

लांब केलेला प्रॉपेलर शाफ्ट किंवा त्यातला स्पेसर: हा सर्वात महागात पडतो. उंची कमी झाली की डिफ आणि ट्रान्सफर केस यांच्यातलं अंतर घटतं. शाफ्टच्या सरकत्या जोडात जागा उरली नाही तर खड्ड्यात शाफ्ट थेट ट्रान्सफर केसच्या बेअरिंगवर ठोसा मारतो. मूळ शाफ्ट बसवा, आणि गाडी चाकांवर उभी असताना त्या जोडात आत-बाहेर दोन्हीकडे हालचाल शिल्लक आहे ना, ते तपासा.

अँटी-रोल बारच्या लांब लिंका आणि त्याचे स्पेसरही काढा. ब्रेकच्या नळ्या आणि मागच्या व्हॉल्व्हचं ब्रॅकेट यांबद्दल प्रश्न १२ पाहा.

७. सगळे बोल्ट जॅकवरच आवळले. आता बुश इतक्या लवकर का फाटतायत?

त्याच कारणाने. मूळ रबरी बुशमध्ये रबर आतल्या नळीलाही चिकटलेलं असतं आणि बाहेरच्या कवचालाही. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट धरली जाते, त्यानंतर हालचाल फक्त रबर पिळून होते. चाकं लटकत असताना आवळलंत, तर गाडी खाली उतरताच प्रत्येक बुश उभ्या जागीच पिळलेला राहतो. काही महिन्यांत तो फाटतो, आणि गाडीही थोडी उंच उभी राहते.

बरोबर पद्धत: सगळे बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढे-मागे ढकलून दोन-चारदा दाबा, आणि मग कंट्रोल आर्म, शॅकल (लीफ स्प्रिंगचं टोक चासीला जोडणारा दुवा), पॅनहार्ड रॉड यांचे बोल्ट टॉर्क पान्याने आवळा. पॉलियुरेथेनचे बुश नळीवर मोकळे फिरतात, त्यांना हा नियम तितका लागू नाही. त्यांना मात्र ग्रीस लागतं.

८. माझी गाडी पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) आहे. त्यात वेगळं काय?

यू-बोल्ट नवेच घ्या. जुने एकदा ताणले गेलेले असतात, पुन्हा आवळले तर पकड राखत नाहीत. चारही नट आलटून-पालटून, कर्णरेषेत आवळा, आणि ५०० कि.मी.नंतर पुन्हा एकदा टॉर्क तपासा.

अॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये एखादी पाचर घातली आहे का ते पाहा. लिफ्टमुळे बदललेला पिनियनचा कोन दुरुस्त करायला ती असते. मूळ उंचीवर तिचं काम संपलं. मध्ये लोखंडी ठोकळा असेल तर तोही काढा. पाट्यांच्या मधल्या बोल्टचं डोकं अॅक्सलवरच्या भोकात नीट बसलं आहे ना, हे बोटाने चाचपून खात्री करा. ते बसलं नाही तर अॅक्सल तिरका राहतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते.

लांब शॅकल तर बदलायचेच. पुढच्या पाट्यांवरचे लांब शॅकल कॅस्टरही बिघडवतात.

९. पुढे टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) आहेत. नुसता बोल्ट फिरवून गाडी खाली आणता येईल का?

उंची फक्त बोल्ट आवळून वाढवलेली असेल तर हो. पुढचा भाग जॅकवर घ्या, चाकं लटकू द्या आणि दोन्ही बाजूंचे बोल्ट थोडे थोडे, आलटून-पालटून सैल करा. मग गाडी उतरवून थोडी पुढे-मागे चालवा आणि मापा. एकच बाजू एकदम खाली आणली तर अँटी-रोल बार दुसऱ्या बाजूलाही ओढतो आणि मापं फसवी येतात.

बोल्ट पूर्ण सैल होऊनही गाडी उंचच असेल, तर बार वेगळ्या दात्यावर बसवला आहे किंवा बाजारातल्या कळा (बारचं टोक धरणारे तुकडे) लावल्या आहेत. तेव्हा बार बाहेर काढून पुन्हा बसवावा लागतो. बारमध्ये फार मोठी ताकद साठलेली असते. कळ सोडवायचं खास अवजार हाती नसेल तर हे काम स्वतः करू नका.

१०. मूळ टायर आणि रिम परत लावताना काय तपासू? आणि किलोमीटरचं काय?

पहिली गोष्ट नट. मूळ रिमची बैठक शंकूच्या आकाराची, गोल किंवा सपाट वॉशरची असू शकते, आणि नट तिला जुळणाराच लागतो. बाजारातल्या रिमचे शंकूचे नट सपाट बैठकीवर लावले तर ते टॉर्क पान्यावर आवळलेले दिसतात, पण पकड धारेवर असते आणि काही दिवसांत सैल होतात. स्पेसर लावले असतील तर स्टडही तपासा. स्पेसर बसावा म्हणून कधी ते कापलेले असतात, कधी लांब घातलेले असतात. रिम लावल्यावर ५० ते १०० कि.मी.नंतर पुन्हा टॉर्क लावा.

दुसरी गोष्ट टायरचं वय. टायर कोपऱ्यात पडून राहिले म्हणजे नवे राहतात असं नाही. बाजूच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दहा वर्षं उलटलेला टायर नक्षी कितीही असली तरी लावू नका.

स्टेपनी विसरू नका. चार चाकं मूळ आणि मागे टांगलेलं पाचवं ३३ इंची, असं बरेचदा राहून जातं. ते लावून फोर-व्हील चालवली तर वेगळ्या व्यासाचं चाक ट्रान्सफर केसवर सतत ताण देतं. मूळ जॅक आणि पानाही परत हवा. मोठ्या गाडीसाठी घेतलेला उंच जॅक मूळ बंपरखाली बसेलच असं नाही.

आता किलोमीटर. २३५/७५ आर १५ चा व्यास हिशेबाने सुमारे ७३४ मि.मी. येतो आणि ३३ इंची टायरचा सुमारे ८३८. फरक १४ टक्के. स्पीडोमीटर ८० दाखवत होता तेव्हा गाडी ९१ ने धावत होती. तसंच मोठ्या टायरवर मीटर ४०,००० कि.मी. पुढे सरकला असेल तर गाडी प्रत्यक्षात ४५,७०० च्या आसपास चालली आहे. ऑइल आणि बेल्टचे हिशेब त्यानुसार करा आणि विकताना घेणाऱ्याला हे स्पष्ट सांगा. टायरसाठी मीटर कॅलिब्रेट करून घेतला असेल तर मीटरचा आकडा बरोबर असेल. पण मग मूळ टायरवर आल्यावर ते सेटिंगही परत बदलावं लागेल.

११. डिफचा रेशो बदलला आहे का हे उघडल्याशिवाय कळतं का? आणि लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा डिफमधला भाग) काढावाच लागतो का?

रेशो कळतो. साध्या डिफमध्ये एक मागचं चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या, बाकीच्या चाकांना ओट लावा, गिअर न्यूट्रलला घ्या. चाकावर आणि शाफ्टवर खडूने खूण करा. चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. चारपेक्षा जेमतेम जास्त आले तर ४.१०, पाचला थोडे कमी आले तर ४.८८. लॉकर किंवा एलएसडी (एका चाकाची घसरण मर्यादित ठेवणारा डिफ) असेल तर दोन्ही चाकं उचलून दोघांना मिळून एकच फेरा द्या.

मोठ्या टायरसाठी ४.१० चा ४.८८ केलेला असेल आणि मूळ टायर लावले, तर त्याच वेगाला इंजिन १९ टक्के जास्त फिरतं. जिथे २,५०० आरपीएम हवे तिथे जवळपास ३,०००. गाडी चालेल, पण आवाज आणि तेलाचा खर्च दोन्ही वाढतील. बदलायचा तर पुढचा आणि मागचा एकत्रच बदला. दोन्हीकडे वेगळा रेशो ठेवून कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावली तर काहीतरी तुटणारच.

क्राऊन (डिफमधला मोठा गिअर) आणि पिनियन नेहमी जोडीनेच येतात, अदलाबदल चालत नाही. बेअरिंग कॅपवर डावी-उजवी खूण करून ठेवा, बॅकलॅश (दातांमधली ढिलाई) डायल गेजने मापा आणि दातांवरचा ठसा रंग लावून पाहा. नव्या जोडीला पहिली काही अंतरं १५-२० मिनिटांची द्या, मध्ये गार होऊ द्या, आणि ८०० कि.मी.ला तेल बदला.

लॉकरबद्दल आमचं मत: बटणाचा एअर लॉकर चांगला चालत असेल तर तो डिफमध्ये तसाच राहू द्यायला हरकत नाही, बंद असताना तो साध्या डिफसारखाच वागतो. आपोआप लागणारा लॉकर मात्र काढा. तो ओल्या वळणावर गाडीचा स्वभाव बदलतो, आणि गाडी घेणाऱ्याला त्याची कल्पना नसते. असे बरेच लॉकर फक्त आतल्या छोट्या गिअरच्या जागी बसतात, म्हणून मूळ गिअर परत घालणं तुलनेने सोपं असतं. एअर लॉकर काढलाच, तर हवेच्या नळीसाठी डिफला पाडलेलं भोक आट्यांच्या प्लगने बंद करा.

१२. ब्रेकमध्ये काय बदलतं?

दोन गोष्टी. लांब नळ्या मूळ उंचीवर ढिल्या पडतात आणि स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरला किंवा शॉकअपला घासतात. मूळ नळ्या त्यांच्या क्लिपांसकट बसवा, ब्रेकची हवा काढा आणि दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. ब्रेक ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्याच ग्रेडचं घ्या. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये कधीही मिसळू नका.

दुसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. बऱ्याच गाड्यांत मागच्या अॅक्सलला एका काडीने जोडलेला व्हॉल्व्ह असतो. मागे ओझं वाढून गाडी बसली की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. लिफ्ट करताना त्या काडीखाली उंची देणारं ब्रॅकेट लावतात. गाडी खाली आली आणि ब्रॅकेट राहिलं, तर व्हॉल्व्हला वाटतं की गाडी कायम भरलेली आहे. मग रिकाम्या गाडीला जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी फिरते. हे ब्रॅकेट काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका.

१३. स्नॉर्कल काढला. आता एअर फिल्टरच्या डब्यात पाणी साठतंय, का?

स्नॉर्कल बसवताना डब्याच्या तळाचं पाणी निघायचं भोक किंवा रबरी व्हॉल्व्ह सिलिकॉनने बंद केलेला असतो, कारण पाण्यातून जाताना तिथून पाणी वर यायला नको असतं. मूळ नळी परत लावली की तेच भोक उघडं लागतं. सगळं सिलिकॉन खरवडून काढा, मूळ रबरी व्हॉल्व्ह लावा, फिल्टर बदला.

मडगार्डला पडलेलं मोठं भोक पत्र्याचा तुकडा वेल्ड करून बुजवता येतं, पण पातळ पत्रा तापून लाटा येतात आणि पुटी थापावी लागते. पुढचं मडगार्ड बोल्टवर बसणारं असेल तर सरळ दुसरं आणून रंगवणं चांगलं.

१४. इंजिनचं रिमॅप (कॉम्प्युटरच्या सेटिंगमधला बदल) केलं आहे. ते आधी काढू की नंतर?

मॅप आणि सुटे भाग नेहमी एकत्र हलवा. मोठे इंजेक्टर किंवा टर्बो तसेच ठेवून मूळ मॅप टाकला तर तेलाचा हिशेब चुकतो. मूळ भाग बसवून वाढीव मॅप ठेवला तर त्या भागांवर जास्त ताण येतो. डिझेल गाडीत काढलेला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) परत घालायचा तर त्याचे तापमानाचे सेन्सर, दाबाच्या सेन्सरच्या दोन्ही नळ्या आणि मूळ मॅप, सगळं एका बैठकीत करा.

मूळ मॅप टाकताना बॅटरीला चार्जर लावून ठेवा. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बंद पडू शकतो. आणि लगेच उत्सर्जन तपासणीला जाऊ नका. मेमरी पुसल्यावर गाडीला स्वतःच्या चाचण्या पुन्हा पूर्ण करायला काही दिवसांचं मिश्र ड्रायव्हिंग लागतं, तोवर स्कॅनरवर त्या अपूर्णच दिसतात.

१५. जास्तीच्या लाइट, विंच, दुसरी बॅटरी यांची वायरिंग कापून टाकली तर?

कापू नका, उगमापर्यंत जाऊन काढा. बॅटरीचं मायनस टर्मिनल आधी सोडा. मग प्रत्येक वायर बॅटरीच्या टोकाकडून सुरू करून बटणापर्यंत मागोवा घेत बाहेर ओढा. अर्ध्यात कापलेली वायर अजूनही करंटवर असते आणि घासून घासून कधीतरी चासीला टेकते. गाडीला आग लागायला एवढं पुरतं.

मूळ वायरला चिमटा जोड लावून करंट घेतलेला असेल तर तो जोड काढून वायर तपासा. आतला तांबा हिरवा पडलेला असतो. तेवढा भाग कापून, सोल्डर करून किंवा चांगला क्रिंप घालून वर गरम करून आवळणारी नळी चढवा. फायरवॉलमधल्या रिकाम्या भोकांत रबरी ग्रोमेट घाला, नाहीतर पावसाचं पाणी थेट पायाशी येतं.

१६. मूळ बंपर बसवताना एअरबॅगचा काही संबंध येतो का?

येतो. एअरबॅगचा सेन्सर मूळ बंपर आणि त्यामागचे चुरगळणारे डबे धक्का कसा शोषतात, हे धरून ठरवलेला असतो. बुलबार बसवताना हे डबे कापले असतील तर फक्त बंपरचं प्लास्टिक लावून गाडी दिसायला मूळ होईल, धडकेत नाही. डबे आणि मधली आडवी पट्टी मूळ आणा. पुढचे सेन्सर हलवले असतील तर मूळ जागी, बाणाची दिशा पाहून बसवा. त्यांना हात लावण्याआधी बॅटरी सोडून मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबा.

१७. चासीला वेल्ड केलेली ब्रॅकेट काढू का?

काम नसेल तर आणि टोचत नसेल तर राहू द्या. काढायचीच असतील तर ब्रॅकेट मुळापाशी कापा, वेल्डचा एखादा मिलिमीटर शिल्लक ठेवून हळूहळू घासा. ग्राइंडर चासीच्या पत्र्यात शिरला तर तिथेच पुढे तडा जातो. नंतर प्रायमर आणि रंग बाहेरून, आणि बंद पेटीच्या चासीत आतून गंजरोधक मेण. वेल्डिंगच्या उष्णतेने आतला मूळ थर जळालेला असतो, म्हणून गंज नेहमी आतून सुरू होतो.

मूळ ब्रॅकेटच कापून टाकली असतील, चासी लांब-आखूड केली असेल किंवा पुढचं स्वतंत्र सस्पेन्शन काढून सरळ अॅक्सल घातला असेल, तर गाडी मूळ रूपात आणण्याचा हट्ट करू नये. दुसरी पूर्ण चासी मिळत असेल तरच तो विचार करा.

१८. सगळं बसवलं. स्टेअरिंग वाकडं उभं राहतं, आणि ठरावीक वेगाला कंप येतो.

सरळ अॅक्सलच्या गाडीत उंची बदलली की ड्रॅग लिंकचा कोन बदलतो आणि ती चाकांना थोडं वळवते, म्हणून स्टेअरिंग मधोमध राहत नाही. ते ड्रॅग लिंकच्या लांबीने सरळ करा. स्टेअरिंग व्हील उपटून दुसऱ्या दात्यावर बसवू नका, त्याने स्टेअरिंग बॉक्सचा मध्य हुकतो. बॉल जॉइंटची स्प्लिट पिन नवी घाला. नटाची खाच भोकाशी जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळा, मागे सैल करू नका.

कंपासाठी आधी टायर बॅलन्सिंग तपासा, मग शाफ्टचे कोन. दोन्ही टोकांना एकेक क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) असलेल्या शाफ्टमध्ये ट्रान्सफर केसचा आउटपुट आणि डिफचा पिनियन एकमेकांना समांतर हवेत. फरक एका अंशाच्या आत असावा. तो जास्त असेल तर प्रश्न ६ मधले स्पेसर आणि प्रश्न ८ मधली पाचर पुन्हा शोधा. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत आहेत ना, तेही पाहा. सरकता जोड एक दाता चुकून बसला तरी कंप येतो.

१९. अलाइनमेंट लगेच करू की थांबू? आणि कॅलिब्रेशन कशाकशाचं?

टो (वरून पाहताना चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) त्याच दिवशी जुळवा, नाहीतर टायर खाल्ले जातील. नवे स्प्रिंग थोडे बसतात, म्हणून कॅस्टर-कॅम्बरसकट (कॅम्बर म्हणजे समोरून पाहताना चाकाचा कल) पूर्ण अलाइनमेंट ५०० कि.मी.नंतर, यू-बोल्ट तपासायच्या वेळीच करून घ्या. त्यानंतर स्टेअरिंग अँगल सेन्सरचा शून्य बिंदू आणि हेडलाइटचा झोत. काचेमागे कॅमेरा किंवा बंपरमध्ये रडार असेल तर त्यांचंही कॅलिब्रेशन हवं, कारण ते उंचीवरच अवलंबून असतं. टायरच्या दाबाचे सेन्सर मूळ रिममध्ये असतील, पण बरीच वर्षं पडून त्यांची बॅटरी संपलेली असू शकते.

२०. काय काय तसंच ठेवलं तर चालेल?

डिफ आणि गिअरबॉक्सचे वर नेलेले ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळ्या) जरूर ठेवा. पाणी आत जाण्यापासून वाचवतात आणि कुणाच्या आड येत नाहीत. चांगल्या बोल्टवर बसवलेले टो हुक, इंजिनखालचं संरक्षक कवच हेही ठेवता येतं. मात्र जाड लोखंडी कवच वजनदार असतं, त्याने पुढची उंची थोडी कमी दिसेल.

२१. सगळे भाग मूळ आहेत, तरी एक बाजू १५ मि.मी. खाली आहे.

आधी स्प्रिंगचे रंगपट्टे पाहा. बऱ्याच गाड्यांत चालकाच्या बाजूचा स्प्रिंग वेगळा असतो, आणि डावा-उजवा बदलला की नेमकी अशीच गाडी कलते. ते बरोबर असेल तर स्प्रिंगचं टोक खालच्या खाचेत टेकलं आहे का, वरचं रबरी पॅड एका बाजूला राहून गेलं आहे का, ते पाहा. तेही ठीक असेल तर कंट्रोल आर्म आणि पॅनहार्ड रॉडचे बोल्ट सैल करा, गाडी चाकांवर असताना दोन-चारदा दाबा, पुन्हा आवळा आणि मापा. बरीच प्रकरणं इथे सुटतात. कारण प्रश्न ७ मध्ये आहे. मापताना गाडी सपाट फरशीवर, चारही टायरमध्ये सारखी हवा आणि आत कुणी बसलेलं नको. टाकी एका बाजूला असलेल्या गाडीत ती भरलेली आहे की रिकामी, यानेही काही मिलिमीटर हलतात.